‘बेताचं’ म्हणजे नेमकं किती?

रेहाना, आपलं शेवटचं बोलणं म्हणजे भांडण होतं याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. वाईट बाकीच्यांनाच वाटतं. तुझी मावसबहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "शेवटी काहीतरी चांगलं बोलणं झालं असेल ना तुमचं?" मी म्हटलं, "हो, फार चांगलं." तू स्टाफरूमच्या दारात उभी होतीस, खांद्याला ती बंद तुटलेली पिशवी, आणि मला दम देत होतीस, "वैशू, 'बेताचं' या शब्दाला तू पॉइंट सहा दिलेस ना, तर मी तुझ्याशी बोलणार नाही." मी म्हटलं, "नको बोलूस. मला कामं आहेत." "उद्या बघते तुला," म्हणत तू गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी दहिवलीहून, तुझ्या घरून फोन आला. बाई, एवढा शब्द पाळायची काही गरज नव्हती.

डॉक्टर काय म्हणाले, हृदयाचं दुखणं कधीपासून असावं, कोणी आधी ओळखायला हवं होतं, ते मी इथे लिहीत नाही. ते आता आख्ख्या कर्जतला पाठ झालंय. अजून तुझा चाळिसावा दिवसही व्हायचाय, आणि मला मात्र तुला एक भलतीच गोष्ट सांगायची घाई झाली आहे. आपण वर्षभर ज्यावरून डोकी फोडली ते कोडं सुटलं. निदान अर्धं सुटलं. दुसरं कोणी ऐकून घेत नाही, घेतलं तर "बरं बरं" म्हणतं, म्हणून तुलाच सांगते.

आपली टेबलं शेजारी. तू गणिताची, मी कॉम्प्युटरची, मधे एक पंखा, आणि तो कोणाकडे वळवायचा यावरून रोजचा तंटा. मी खोपोलीची, वडील कारखान्यात, घरची बोली साताऱ्याकडची. तू मूळची खाडीकडची. आजोबांनी इथे येऊन पंप-पाइपांचं दुकान टाकलं, तेव्हापासून तुमचं घर 'मोटारवाले'. तुझी डॉक्टरेट झाली तरी तू आपली मोटारवाल्यांची रेहाना. एकदा आपण बाजारात भेंडी घेत होतो आणि एका काकांनी तुला थांबवून विचारलं, मोटार पाणी सोडते, काय करू? भेंडी तशीच टाकून तू त्यांना फूटव्हॉल्व्ह कसा बसवायचा ते हातवारे करून सांगत बसलीस. मी पिशवी धरून उभी. तुझ्या शोधनिबंधाबद्दल असं रस्त्यात कोणी कधी विचारलं नाही, हे तूच नंतर खो खो हसत म्हणालीस.

परवा तुझ्या अम्मींनी मला विचारलं, "तुमी दोघी त्या बांधांवर जाऊन नक्की करत काय होता गं?" मला नीट सांगता आलं नाही. तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा सांगून बघते. सांगता सांगता मलाच काही कळेल.

भिवपुरीच्या वीजघरात वीज करून झाली की पाणी खाली कालव्याला सुटतं. त्यावर आपल्याकडे उन्हाळी भात होतं. मुंबईला वीज जास्त लागली की पाणी जास्त, कमी लागली की कमी. म्हणजे तिकडे कोणीतरी उकडतंय म्हणून एसी लावतो आणि इकडे कोणाच्या तरी वाफ्यात पाणी चढतं. तुला ही गोष्ट इतकी आवडायची की तू ती प्रत्येक पाहुण्याला सांगायचीस. कालव्यावर गावं तीन: वरचं, मधलं आणि अगदी शेवटाला टेलचं. तिघांची मिळून एक पाणीवापर संस्था. संस्थेचे अध्यक्ष, वरच्या गावचे तात्या, कॉलेजात आले आणि म्हणाले, "पाळ्या ठरवताना दर साली भांडणं होतात. तुमचं ते कॉम्प्युटरवालं काय असतं, त्यानं जमेल काय?" प्राचार्यांनी आपल्या दोघींकडे बोट दाखवलं.

वरच्या गावाला रात्रीची पाळी नको होती, सापांचं भय. मधल्या गावात भाजीपाला, त्यांना थोडं थोडं पण सारखं पाणी हवं. टेलच्या गावाला पाणी पोचलं तरी खूप. एकाला द्यायला जावं तर दुसऱ्याचं जातं, आणि सगळ्यांचं सगळं भागेल असं उत्तर मुळात नसतंच. त्यात कोणीही आकड्यात बोलेना. 'बऱ्यापैकी पाहिजे', 'शक्यतो रात्रीचं नको', 'अगदीच कोरडं पडू नये'. मी वैतागले. तू हात चोळायला लागलीस. म्हणालीस, "अगं, हे तर माझंच गिऱ्हाईक!"

कारण तुझा विषयच तो. फझी गणित. पोरं त्याला 'फजितीचं गणित' म्हणायची आणि तूही म्हणायचीस. पहिल्या तासाला तू फळ्यावर काहीच लिहायची नाहीस, नुसतं विचारायचीस, "दुधाची तहान ताकावर भागवली. तर तहान किती भागली? शून्य म्हणजे अजिबात नाही, एक म्हणजे पूर्ण. बोला." कोणी म्हणायचं अर्धी, कोणी म्हणायचं पॉइंट आठ, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हटकून ओरडायचं, "मॅडम, ताक कसंय त्यावर आहे!" तू त्याला टाळी द्यायचीस. मी दाराबाहेरून दोनतीनदा ऐकलंय. तुला सांगितलं नव्हतं कधी. आधीच कमी का शेफारली होतीस!

तर शब्दांना असे शून्य ते एकमधले आकडे द्यायचे, किती पाण्याला माणूस किती समाधानी त्याची वक्ररेषा काढायची, हे काम तुझं. माझं काम पुढचं, न्यूरल नेटवर्कचं. तू त्याला 'जाळं' म्हणायचीस. "आमच्या नानाच्या जाळ्यात मासा तरी घावायचा, तुझ्या जाळ्यात काय घावतं?" लोकांना वाटतं न्यूरल नेटवर्क म्हणजे फोटो ओळखणारं काहीतरी. हे तसलं नव्हतं. यात एकमेकांना जोडलेले आकडे असतात, प्रत्येक आकडा म्हणजे कोणाला कधी किती पाणी. कोणाची किती नाराजी होते ते तू दिलेल्या रेषा सांगतात, आणि त्या नाराजीने आकडे एकमेकांना ढकलत राहतात. पायली भरून जरा हलवली की तांदूळ आपोआप बसतो, तसे हळूहळू बसतात. हलायचे थांबले की ते उत्तर. पहिल्यांदा पडद्यावर त्या रेषा थरथरत थरथरत स्थिर झाल्या तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. तू हनुवटीवर हात ठेवून बघत राहिलीस आणि म्हणालीस, "थांबलं खरं. पण समाधानानं थांबलं की दमून?"

या प्रश्नानं तू माझे कितीतरी दिवस खाल्लेस. कारण ते वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू केलं की वेगवेगळ्या ठिकाणी थांबायचं. मग आपलं दुसरं भांडण. मी म्हणायची, तिन्ही गावांचं मिळून समाधान जास्तीत जास्त व्हावं. तू म्हणायचीस, बेरीज गेली खड्ड्यात, जो सगळ्यात नाराज आहे त्याची नाराजी आधी कमी कर. "दोघांनी पोटभर जेवायचं आणि तिसऱ्यानं वास घ्यायचा, तरी तुझी सरासरी चांगलीच येणार." मी म्हणायची, "आणि एकच माणूस कायम रडका असला तर? त्याच्यापायी सगळ्यांनी उपाशी राहायचं?" यावर तू पंखा स्वतःकडे वळवून घेतलास. उत्तर अजूनही दिलेलं नाहीस, लक्षात ठेव. टेलवाल्यांसाठी मी तुझं ऐकलं, पण तत्त्व म्हणून मला ते पटलेलं नाही. हा वाद मी बंद केलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. 'बेताचं'.

आपण बांधांवर जायचो, वाफ्यात किती बोटं पाणी आहे ते बघायचो आणि मालकाला विचारायचो, एवढं पाणी कसं वाटतं? तुझा तास असला की मी एकटी जायची, माझा असला की तू. काही वाफे दोघींनीही बघितले. आणि तिथेच घोळ झाला. टेलच्या गावात हिरामावशींच्या वाफ्यात बोटभर पाणी. मी विचारलं, तर पदर सावरून म्हणाल्या, "बेताचं हाय बाई." चारच दिवसांनी तेवढंच बोटभर पाणी असताना तू विचारलंस, तर तुला म्हणाल्या, "कुठं पुरतं गं! बघ की, ढेकळं दिसतायत." एका वाफ्यात असं झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण टेलच्या गावात जवळजवळ सगळीकडे हेच. माझ्या माणसांना पाणी बेताचं, तुझ्या माणसांना कमी. आणि माणसं तीच!

किती डोकं चालवलं आपण! आधी तू म्हणालीस, वेळेचा फरक, मी सकाळी जाते, तू दुपारी. दुपारी जाऊन पाहिलंस, तेच. मग मी भाषेवर घसरले. आमच्याकडे देशावर 'बेताची परिस्थिती' म्हणजे गरिबी, म्हणजे बेताचं हे कमीच. तू म्हणालीस, "मीठ बेताचं झालंय म्हटलं तर तू आणखी मीठ घालतेस काय? बेताचं मंजे बरोब्बर, जेवढ्यास तेवढं." मी खिशातून 'बेताचीच उंची' काढली. तू 'बेतानं घे'. स्टाफरूममधल्या प्रत्येकाला आपण पिडलं. इंग्रजीचे सर चहाचा कप घेऊन बाहेर जाऊन बसायला लागले. शेवटी मी म्हटलं, मधला मार्ग, पॉइंट सहा. साधारण समाधानी. तू म्हणालीस, शब्दाचा अर्थ काहीही असो, माझ्यासमोर ते 'कमी'च म्हणतात; तो आकडा टाकलास तर तुझं जाळं समजेल की टेलच्या गावाचं भागतंय, आणि त्यांना सगळ्यात शेवटी ठेवेल. भात पोटरीला आलं आणि तेव्हाच पाणी नसलं तर दाणा भरणार नाही. "एका शब्दापायी गावाचं पीक जाईल, वैशू."

मला ते अतिशयोक्त वाटलं होतं. तू नाटकी होतीसच थोडी.

एकदाच तू खरं उत्तर बोलून गेलीस, आणि आपल्या दोघींनाही कळलं नाही. आपण टेलच्या गावाहून परत येत होतो, मी म्हणत होते की चहा पिऊन पिऊन पोटात ढवळतंय, प्रत्येक बांधावर कप. तू स्कूटर चालवता चालवता ओरडलीस, "तुला देतात बाई चहा! मला कोण विचारतं? मला म्हणतात, आलीस तशी ती पेंढी उचल." आपण हसलो. मग भिवपुरी फाटकाला थांबलो आणि विषय बदलला.

तुझं झालं त्या दिवशी मी तुमच्याकडे बायकांत बसले होते. पुरुष कब्रस्तानात गेलेले. आतल्या खोलीत अगरबत्तीचा वास, कोणी पुटपुटत काही वाचत होतं, अंगणात टेलच्या गावच्या बायका बसलेल्या, हिरामावशीही त्यांत होत्या. मी अम्मींच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. खरं तर मी त्यांना धीर द्यायला गेले होते, पण झालं ते उलटंच. त्या मला थोपटत होत्या, त्यांचे डोळे कोरडे. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "जेवलीस काय गं पोरी?"

मी म्हटलं, "झालं बेताचं."

अम्मी लगेच म्हणाल्या, "मंजे नाय जेवलीस." आणि शेजाऱ्यांनी आणून ठेवलेल्या पातेल्यातली खिचडी ताटलीत वाढून माझ्यासमोर ठेवली.

रेहाना, मी आदल्या रात्रीपासून काहीही खाल्लेलं नव्हतं. कणही नाही. आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर 'बेताचं'! का? तर ज्या घरातून आत्ताच मय्यत निघाली आहे त्या घराला आपण जेवायला वाढायचा त्रास द्यायचा नाही. म्हणून. घास हातात घेऊन मी तशीच बसून राहिले. डोळ्यांतून पाणी चालूच होतं आणि डोक्यात मात्र टेलच्या गावचे वाफे फिरायला लागले. बांधावर आलेली शहरी मॅडम विचारते, पाणी कसं आहे? पाहुण्या बाईला कोणी 'कमी आहे' म्हणून रडगाणं सांगतं का? तिला चहा देतात आणि म्हणतात, बेताचं आहे. मोटारवाल्यांची रेहाना आली की तिच्यासमोर कसला पडदा? तिला पेंढी उचलायला लावतात आणि खरं काय ते सांगतात. तो शब्द देशावरचाही नव्हता आणि कोकणातलाही. त्याची किंमत विचारणाऱ्यावर ठरत होती. आपण पाण्याची बोटं मोजली, वेळ मोजली, विचारणारीला मोजलंच नाही.

अशा वेळी मला गणित सुचावं, याची दुसऱ्या कोणाला लाज वाटली असती. तुला वाटली नसती, एवढी खात्री आहे मला. तू तिथल्या तिथे उठून बसली असतीस. मी पहिल्यांदा काय केलं असेल सांगू? मान वळवून तुला शोधलं.

पाळ्या ठरवायची बैठक तोंडावर आली होती. तुझे आकडे खरे, पण तू सगळे वाफे बघितले नव्हतेस, निम्म्याहून जास्त मी एकटीने केलेले. मग जे वाफे दोघींनी बघितले होते त्यांवरून मी जाळ्याला शिकवलं की वैशालीला 'बेताचं' म्हटलं तर रेहानाला काय म्हटलं असतं. नुसता शब्द द्यायचा नाही, विचारलं कोणी तेही द्यायचं. त्या रकान्याला मी नाव ठेवलंय 'चहा'. चहा एक असला, म्हणजे विचारणारी पाहुणी असली, तर शब्दावर विश्वास कमी. तू यावर नक्की काहीतरी हरकत काढली असतीस, म्हणजे सगळ्यांचा पाहुणचार सारखा कसा धरलास वगैरे. बरोबर आहे. वरच्या गावात मला चहा मिळाला आणि 'कमी पडतं' हेही तोंडावर ऐकवलं. ती माणसं तशी फटकळच. तेही जाळ्यानं आपलं आपण ओळखलं, गाव बदललं की चहाचा परिणाम बदलतो म्हणून. मी त्याला सांगितलं नव्हतं. ते बघून मला इतकी मजा वाटली की मी शेजारच्या टेबलाकडे वळून "अगं हे बघ" म्हणाले. तिथे आता एक नवे सर बसतात. बिचारे घाबरले.

आणि उत्तर हललं. आधी टेलचं गाव सगळ्यात शेवटी होतं, आता सगळ्यात आधी आलं. तू म्हणाली होतीस तसंच. घे, लिहून देते.

बैठक वरच्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात झाली. मी पाळ्या सांगितल्या आणि तात्या उसळले. "आमच्या दारासमोरून पाणी खाली जाणार आन् आमी नुसतं बघायचं?" मी म्हटलं, टेलला पाणी खरंच पुरत नाही. ते म्हणाले, "तेच लोक तुमाला बेताचं हाय मणाले ना? तुमीच मागं सांगितलंत." मग मी चहाची गोष्ट सांगितली. बायकांच्या बाजूला खसखस पिकली. टेलचे एक काका अवघडून म्हणाले, "मंजे आमी मॅडमशी खोटं बोललो असं झालं काय?" मी म्हटलं, "नाही हो, पाहुणचार केलात तुम्ही." यावर तात्याही हसले, पण पाणी सोडायला काही तयार होईनात. खूप वेळ नुसतं तू-तू मी-मी. टेलवाले एरवी गप्प बसतात, त्या दिवशी एक एक करून सरळ सांगायला लागले, कोणाचा वाफा केव्हा तडकला. तात्या ऐकत होते. शेवटी त्यांनी पागोट्यासारखा गुंडाळलेला पंचा डोक्यावरून काढला आणि म्हणाले, "एक पाळी करून बघू. रेहानाच्या नावानं."

मला संताप आला, खरं सांगते. तुझ्या नावानं काय म्हणून? तुला दान नको होतं, तुझं गणित बरोबर होतं! तोंडाशी आलेले शब्द मी गिळले. पाणी कोणत्याही नावानं जावो, खाली जाऊ दे. तू असतीस तर गिळले नसतेस आणि बैठक मोडली असती, हेही लिहून ठेवते.

काल मी टेलच्या गावात गेले. पहिली पाळी नुकतीच झाली होती. हिरामावशी वाफ्यात वाकून तण काढत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. पदरही सावरला नाही. मी बांधावरूनच विचारलं, "मावशी, पाणी कसं काय?"

"कुठं पुरतं गं!" त्या तशाच वाकलेल्या, मान वर न करता म्हणाल्या. "आलं, जरा वल झाली, आन् गेलं. वरचा आख्खा कालवा सुका, आधी तोच पितो. आमाला काय त्याचं उरलंसुरलं. कसलं मेलं तुमचं मशीन!"

मी हसायलाच लागले. त्या सरळ झाल्या, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "हसतेस काय? भात वाळतंय माजं."

तू. मला 'तू' म्हणाल्या. इतके दिवस 'बाई' आणि 'तुमी' होतं. मी विचारलं, "मावशी, मला आधी का नाही सांगितलंत असं?" त्या म्हणाल्या, "आधी तू मॅडम होतीस. त्या दिशी अम्मीच्या मांडीवर कशी रडत होतीस, बघितली ना मी." आणि एक पेंढी माझ्याकडे ढकलून म्हणाल्या, "ती घे, पलीकडं टाक."

मी पेंढी उचलली, पलीकडे टाकली, मग दुसरी उचलली. साडीला चिखल लागला. त्या मला वाफा दाखवत गेल्या, इथपर्यंत पाणी आलं, इथे थांबलं, इथे नुसती ओल. त्यांचं बरोबर होतं. टेलला आधी द्यायचं ठरवलं की सबंध सुका कालवा भिजवत पाणी खाली येतं, आणि वाटेत किती मुरतं ते आपण धरलंच नव्हतं. टेलची पाळी शेवटी असती तर ते न धरून चाललं असतं, कारण तोवर वरच्यांच्या पाळीत कालवा भिजलेला असतो. मला एकदम ते सगळं दिसलं. तुला एवढा वेळही लागला नसता.

म्हणजे आपलं उत्तर चुकलं, रेहाना. जाळं समाधानानं नव्हतं थांबलं. पण पोटरी यायला अजून वेळ आहे, पुढची पाळी जास्त वेळ चालवता येईल, आणि तात्यांशी बोलायला उद्या संध्याकाळी जातेय. त्याआधी सकाळी कालव्यावर जाऊन मोजायचंय, तो वाटेत नेमकं किती पितो ते. पाण्याचं मोजमाप तुझं काम होतं, मला ते धड येत नाही. तरी जाणार. चुकलं तर तोंडावर सांगायला आता हिरामावशी आहेत. पण भांडायला तू हवी होतीस गं.